नुसतं बघायला गेलो होतो

...नाही, नाही, तुम्हीच मला सांगा, यात माझं काय चुकलं? माणूस रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या दुकानात डोकावतो की नाही? डोकावतो! आत जात नाही, भाव करत नाही, जाता जाता जरा मान वळवतो आणि पुढे जातो. तेव्हा ते दुकान काय आरोळी ठोकतं का, 'अहो मालक, बघा बघा कोण डोकावून गेलं' म्हणून? मग ही नोकरीधंद्याची साइट कोण लागून गेली माझी चहाडी करणारी? मी काय केलं हो? नुसतं बघितलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा गृहस्थ लोकांच्या लेकीसुनांचे फोटो बघत बसला होता. भाऊ हो, सख्खा भाऊ! धाकटा. आमचा धंदा काय, तर डोळे बनवायचे. हसू नका. अपघातात, आजारात ज्यांचा डोळा जातो त्यांना आम्ही दुसरा बसवून देतो. त्याने दिसत नाही, पण समोरच्याला कळत नाही की दिसत नाही. लोक काचेचा डोळा म्हणतात, काच कधीच गेली, आता वेगळंच असतं, ते राहू दे. बुबुळ हाताने रंगवायचं, पेशंटला खिडकीशी बसवून, त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघत बघत. शिरा दिसाव्यात म्हणून पांढऱ्यात लाल धाग्याचे तंतू सोडायचे. हे सगळं धाकट्याला कोणी शिकवलं? मी! ब्रश कसा धरायचा इथपासून! आणि गेल्या वर्षी एके सकाळी साहेब मला म्हणतात, दादा, मी माझं वेगळं काढतोय. बस. माझा चहासुद्धा संपला नव्हता! मीही सांगून टाकलं, सगळ्यांच्या देखत, आजपासून तुझं तोंड बघणार नाही. आणि नाहीच बघितलं. प्रोफाइल बघितली. प्रोफाइल म्हणजे तोंड आहे का? फोटो असतो तिच्यात, मान्य... पण तो एवढासा, गोल, त्यात कसलं आलंय तोंड!

त्याचं झालं असं, आमची मुलगी विम्याच्या कचेरीत आहे, तिने मला त्या साइटवर नेऊन बसवलं. आजकाल तिथे असावं लागतं म्हणे. म्हटलं असू. तर पहिल्याच दिवशी साइट मला विचारते, यांना तुम्ही ओळखता का? कोण, तर धाकटा! टाय लावून! ज्याच्या शर्टाची वरची बटणं मी लावून दिली तो, टाय लावून! आता तुम्ही असता तर उघडलं नसतं? मी उघडलं. वाचत वाचत खाली गेलो आणि तिथे लिहिलेलं, तुम्हाला सांगतो, पायाखालची जमीन सरकली... 'अनुभव: एका लहान कार्यशाळेत काम.' लहान! कोणाची, कुठली, काही पत्ता नाही. ज्याला हाताला धरून शिकवलं त्याच्या लेखी मी कोण, तर एक लहान कार्यशाळा!

मग काय, रोज बघायला लागलो. सकाळी दुकान उघडलं की दिवा लावायच्या आधी ते. का, तर आज तरी लाज वाटून त्याने ते बदललं असेल म्हणून. कुठलं बदलतोय, शब्द तोच! दुपारी परत बघायचं, न जाणो, जेवताना सुचलं असेल. तोच! आता मलाही एवढी अक्कल आहे की आपण बघितलेलं त्याला कळतं, म्हणून मुलीला म्हटलं, माझं नाव कुठे दिसता कामा नये. कोणाचं बघताय हे तिने विचारलंही नाही, शहाणी मुलगी, पटापट बटणं दाबली आणि म्हणाली, झालं बाबा, नाव नाही दिसणार, तुम्ही काम काय करता तेवढंच दिसेल. म्हटलं दिसू दे की, कामात काय लपवायचंय! जगात सगळेच काम करतात!

तुमच्या आलं ना लक्षात? माझ्या नाही आलं.

काकांच्या वाढदिवसाला सगळं घराणं एका हॉलमध्ये जमलेलं. मी या टोकाला, धाकटा त्या टोकाला, मध्ये टेबलं. माझी मान अशी ताठ, तिकडे वळायची नाही म्हणजे नाही. आणि आमची आत्या, तिला माइक कधी लागत नाही, ती बसली नेमकी धाकट्याच्या बायकोशेजारी. काय गं, धंदा कसा चाललाय तुमचा? तर ती भाबडी म्हणते, बरा आहे की, साइटवर पण लोक बघतात, हे बघा ना... आणि धाकट्याचा मोबाइल दिला आत्याच्या हातात! आत्याने चष्मा चढवला आणि पार दरवाज्यापर्यंत ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली, 'कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका व्यक्तीने तुमची प्रोफाइल पाहिली. कृत्रिम डोळे बनवणाऱ्या एका व्यक्तीने तुमची प्रोफाइल पाहिली. कृत्रिम डोळे...' अगं पुरे ना, तेच तेच किती वाचशील! मग चष्मा काढून, विचारात पडून म्हणते कशी, "अरे, पण या शहरात डोळे बनवणारे तुम्ही दोघंच ना?"

सगळे चमचे थांबले. बायको माझ्याकडे बघतेय, मुलगी छताकडे बघतेय. याला नाव लपवणं म्हणतात? अहो, नाव लिहिलं असतं तर परवडलं असतं, एका नावाची चार माणसं तरी निघतात! मला पडद्यामागे उभं केलं, आणि पडदा गुडघ्यापर्यंतच! शेजारपाजारचे दगा देतात, नातेवाईक देतात, ते आपण धरूनच चालतो, पण यंत्राने द्यावा? आणि एवढं करून मी काय केलं? नुसतं बघितलं!

हसले सगळे. धाकटा तेवढा हसला नाही. पाण्याचा ग्लास घेऊन माझ्यापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, बघायचं तर नावानिशी बघ ना." झालं! मला वाटलं, टोमणा मारतोय. तसाच उठलो, भरलं ताट सोडून उठलो, वाटलं बायको लगेच मागून येईल. ती केक संपवून आली. हा दगा वेगळाच.

घरी आल्या आल्या मुलीवर घसरलो, मला पूर्ण लपव, कामासकट लपव, माणूस आहे की खांब तेही कळता कामा नये! ती म्हणाली, लपवते बाबा, पण मग तुमच्याकडे कोण येऊन गेलं हे तुम्हालाही दिसणार नाही. आताही दिसत नव्हतंच. आताही म्हणजे? म्हणजे नियमच तसा आहे म्हणे, आपण तोंड झाकलं की ती साइट आपलेही डोळे झाकते! आणि हे मला आज सांगतायत! डोळ्यांच्या धंद्यातला माणूस मी! म्हटलं, उघड सगळं, होऊन जाऊ दे. तिने उघडलं. आणि समोर कोण, तर धाकटा. आज आलेला. काल आलेला. परवा आलेला. नावानिशी, टायसकट. तो लपलाच नव्हता हो! तो बिचारा रोज येऊन दारात उभा राहत होता आणि मी त्याला चोरून बघण्याच्या नादात... खरं सांगतो, रडू आलं मला. मुलीसमोर आलं. आणि लगेच रागही आला, कारण रोज येतोस ना, मग वर 'लहान' कशाला लिहितोस?

दुसऱ्या दिवशी दुकानातून लावला फोन. वर्षभराने. कसा आहेस नाही, बरा आहेस नाही, त्याने उचलल्याबरोबर म्हटलं, "लहान काय रे? लहान?"

तिकडे पॉलिशचं चाक फिरत होतं, ते थांबल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "लहानच होती, दादा. खिडकी एकच होती, आणि तिच्याशी तू बसायचास."

बुबुळ रंगवायचं तर दिवसाचा उजेड हवा, हे त्याला मीच शिकवलेलं! मी त्याला मागच्या बाजूला ट्यूब लावून दिली होती. चांगली होती ट्यूब... ट्यूबखाली तपकिरी बुबुळ हिरवट दिसतं, ठाऊक आहे मला. फोन कानाला धरून तिकडे बघितलं. त्याची खुर्ची अजून तिथेच आहे. येता-जाता गुडघ्याला लागते, पण हलवायचं काही झालं नाही.

तो म्हणाला, तुला लागलं असेल तर बदलतो, आत्ता बदलतो, तुझं नाव घालतो, काय हवं ते घालतो. आणि इतके दिवस ज्या एका शब्दासाठी मी जीव टाकला, तो जात होता हो! हो म्हणायचं फक्त! हो तोंडापर्यंत आलंही होतं. पण मी म्हटलं, "राहू दे."

"का रे दादा?"

म्हटलं, "बदललंस तर मी उद्यापासून रोज बघायला काय येऊ?"