सोयगावच्या पऱ्हाट्या

केसरबाई : चहा नको बाय. मेघाला दवाखान्याच्या वार्डात एकलीला ठिवून आले मी.

अपेक्षा : मावशी, सातवा चालू होता तुझ्या सुनेला. डोंगरात सरपणाला कशाला नेलंस?

केसरबाई : मी कुठं नेलं? “आत्या, एकट्या नका जाऊ,” म्हणली अन् आली मागं. उतारावर पाय घसरला. डोक्यावरची मोळी सोडली नाय पोरीनं. लेकरू गेलं.

अपेक्षा : पण तुमच्या अंगणात तर कापसाच्या पऱ्हाट्यांची गंज असते. सालभर पुरते.

केसरबाई : असायची. कापूस निघाला की बद्रीनाथ पाटलाचं रान आम्ही बाया उपटून द्यायचो अन् पऱ्हाट्या आम्ही न्यायच्या. मजुरी मागायची नाय. सासूच्या आधीपासून हेच. औंदा मशीन आली. उपटलं, बारीक केलं, ट्रकात भरून नेलं. कारखान्यात म्हणं त्याच्या कांड्या करत्यात, कोळशाच्या जागी जाळायला.

अपेक्षा : आमच्या कंपनीसाठी त्याचा नकाशा मी केलाय.

केसरबाई : तू?

अपेक्षा : कोणत्या गावातून किती माल, कुठं साठवायचा, ट्रक कोणत्या रस्त्यानं नेला तर धूर कमी. कोळसा वाचला की कंपनीला कार्बनचं सर्टिफिकेट मिळतं, ते विकता येतं. काम वाईट नाही गं मावशी. हवेच्या भल्याचंच आहे.

केसरबाई : आसंल की. मंग आम्हाला का नाय इचारलं?

अपेक्षा : सातबारा ज्याच्या नावावर, त्यालाच विचारायचं होतं. पाटील म्हणाले, फुकट जातात पऱ्हाट्या. मी लिहिलं, टाकाऊ.

केसरबाई : सुट्टीत यायचीस तवा माझ्यासंगं मोळी आणायचीस. मानंला वरखडे निघायचे तुझ्या.

अपेक्षा : आठवतंय.

केसरबाई : तरी लिहिलंस.

अपेक्षा : …सोमवारी त्या अहवालावर माझी सही आहे. पुढच्या पाच वर्षांसाठी. आता तुमचा वाटा वजा केला, तर सोयगावात माल पुरत नाही. लांबून आणला, तर डिझेलचाच धूर वाढतो. सर्टिफिकेट जातं.

केसरबाई : मंग कर सही. नोकरी घालवू नको. तुझं लेकरू अंगावर पितंय अजून.

अपेक्षा : शिव्या दे ना मला.

केसरबाई : शिव्यांनी चूल पेटती का?

अपेक्षा : मी चुलींचा आकडा लिहून देणार. गावात पऱ्हाट्यांवर पेटणाऱ्या एकूण एक चुलीचा.

केसरबाई : अन् त्यांनी काढून टाकला तर?

अपेक्षा : तर सही माझी नसेल.

केसरबाई : ट्रक यायचा तो येईलच की मंग.

अपेक्षा : …हो.

(आतल्या खोलीत बाळ रडू लागतं.)

केसरबाई : ऊठ, पाज त्याला. अन् घरात एखादं जुनं मऊ लुगडं असलं तर दे मला.

अपेक्षा : कशाला गं?

केसरबाई : मेघाला दूध उतरलंय. छाती बांधाया पायजे.