गटारीसाठी घेतलेला थर्मामीटर

अरे, आपल्या निलेशच्या थर्मामीटरचं सांगितलं का तुम्हाला? घोडबंदर रोडला राहतो तो. गटारीला गच्चीवर अख्खी कोंबडी धुरावर शिजवायची म्हणून साहेबांनी स्मोकर घेतलेला, सोसायटीची परवानगीपण काढलेली. गाडी अडली वायरलेस थर्मामीटरवर. त्याची सळई कोंबडीत खुपसायची आणि किती गरम झाली ते खाली घरात बसून मोबाइलवर बघायचं.

"ब्लूटूथवाला गच्चीवरून घरापर्यंत पोचणार नाही रे," एकदा म्हणाला. मग म्हणे, "वायफायवाला चांगला आहे, पण त्याला सळई एकच."

"कोंबड्या किती आहेत?"

"एकच."

"मग?"

"अरे, रिव्ह्यू तरी वाचू दे!"

रिव्ह्यू वाचता वाचता गटारी उलटली. आम्ही त्याच्या गच्चीवर थंड स्मोकरभोवती बसून वडापाव खाल्ले. थर्मामीटर उगवला तो थेट श्रावणात.

परवा त्याच्याकडे गेलेलो. चहा पिता पिता त्याचा मोबाइल कोकलायला लागला आणि स्क्रीनवर थर्मामीटरच्या ॲपमधली ही भलीमोठी कोंबडी! मी हादरलोच. त्याच्या आईच्या श्रावणात घरात अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नाही.

"वेडा झालास का?" मी कुजबुजलो. "काकू घरात आहेत!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचाच आवाज आला, "निलेश, कोंबडी ओरडली का रे? म्हणजे दूध कोमट झालं. थांब, विरजण लावते!"