गोदामातला पाचोळा

पडघ्याच्या स्टॉपवर रीमाशेजारी गोदामात झाडलोट करणाऱ्या दोघी बोलत होत्या. पाचोळ्याचं नाव निघताच रीमाने कानातला हेडफोन काढला. तिकडे तिने एकही झाड पाहिलं नव्हतं.

“पुतळाकाकू, आज लादीवर पाचोळा व्हता गो.”

“कुठला पाचोळा, मैना? मागचं जंगल तर दिवाळीतच तोडलं.”

“म्हनून वाकून बघितलं. फुलपाखरं व्हती.”

“पावसाळ्यात त्यांच्या पंखांवर डोळ्यांवानी ठिपके असतात. उन्हाळ्यात ते मिटतात, मंग ती सुक्या पानांत बसली का गावत न्हाईत.”

“आता पानं कुठं हाईत? पांढऱ्या लादीवरच बसलेली.”

“झाडू लागल्यावर उडाली असतील.”

“न्हाय गो. जीव व्हता, पन पाचोळ्यावानी गप पडून ऱ्हायली.”

“मंग?”

“मंग पाचोळ्यावानीच झाडली.”