मावशी बसायला आली तेव्हा

तुम्ही हसाल, पण सांगतो. माझी बायको सुनीता गेली, त्याला महिना झाला होता. घरी बसायला येणारा प्रत्येकजण “कसं झालं?” विचारायचा आणि मला ते सांगवायचं नाही. त्या दुपारी मी घोडेस्वारांचा, गोळीबाराचा एक इंग्रजी सिनेमा लावून बसलो होतो. तेवढ्यात फुलंब्रीच्या बसनं तिची मावशी आली. मी घाईनं रिमोट शोधू लागलो.

“राहू द्या, जावईबापू,” म्हणत ती खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “ह्यानं त्याला काहून मारलं?”

“तो दरोडेखोर आहे. त्याला मारणाऱ्याला सरकार बक्षीस देतं.”

“आन् ह्यो कोण?”

“हा बक्षिसासाठी मारतो. पण आता ह्याच्यावरही बक्षीस लागलंय.”

“मंग ह्याला कोण मारंल?”

“मावशी, अजून तासभर आहे सिनेमा.”

तिनं तो शेवटपर्यंत पाहिला. त्यात कोणीच वाचलं नाही. पदर सावरत ती म्हणाली, “लई माणसं मेली, जावईबापू. पण एकाच्याबी घरी कोणी बसायला आलं नाय.”

मी टीव्ही बंद केला आणि तिला सुनीताचं सगळं पहिल्यापासून सांगितलं.