चौथ्या पावलाला

रुद्राणी : “मयत सारजाबाई, वय बहात्तर, ही शिरस्त्राण व गुडघापट्ट्या न वापरता स्केटिंग करीत असताना तोल जाऊन पडली व मृत्यू पावली. सबब दुर्घटनेस ती स्वतः जबाबदार आहे.” पंचनाम्याखाली सही तुमची आहे, केदारनाथ. अभियंता म्हणून केलीत की प्रत्यक्षदर्शी म्हणून?

केदारनाथ : मॅडम, संगणकावर ‘मयताचा प्रकार’ या रकान्यात दोनच पर्याय येतात. खेळाडू किंवा अतिक्रमणधारक. त्यातल्या त्यात मी बाईंचा मान राखला.

संगीता : मान? आईचा दहावा करून उसाच्या फडात परत गेले, तर मुकादमानं मोबाइलवर बातमी वाचली. कोयते खाली ठेवून हसली समदी टोळी. ‘संगे, तुझी आई चाकावर खेळत व्हती व्हय.’ उद्या परत निघायचंय मला. ती ओळ आज काढा, साहेब.

केदारनाथ : बाई, मला वाईट वाटतं. पण स्केटपार्क स्केटिंगसाठीच बांधलंय. तिथं माणूस दुसरं काय करत असेल, असं शासनानं समजायचं?

रुद्राणी : शासनाला समजून घ्यायचं असतं, तर माझी वही होती. बेचाळीस दिवस मी संशोधनासाठी तिथे भिंतीलगत बसून नोंदी केल्या. खेळाडू : शून्य. सकाळी त्या मधल्या खोलगट भागात छबुबाई मिरच्या वाळत घालतात. दुपारी आश्रुबांच्या शेळ्या उताराच्या सावलीला बसतात. शाळा सुटली की पोरी खताच्या गोणीवर बसून घसरतात. चाकांच्या खेळाशी त्या वास्तूचा आलेला हा सर्वांत निकटचा संबंध. आणि साडेसहाला म्हातारी माणसं येतात, कारण उताराच्या माथ्यावर उभं राहिलं तरच त्या गावात मोबाइलला रेंज मिळते. मुलंसुना ऊसतोडीला गेलेली. खाली चपलांची रांग लावायची, ज्याची चप्पल पुढे त्याचा नंबर, आणि अनवाणी चढायचं. सारजाबाईंच्या चपला त्या संध्याकाळी पहिल्या होत्या. पंचनाम्यात त्या नाहीत.

केदारनाथ : चपला हा पुरावा होत नाही.

संगीता : मी हाय की पुरावा. चूल पेटवायच्या आधी मी फोन लावायची. त्या दिशी आई म्हनली, ‘आता ठेवते, मागं सुभद्राबाई उभी हाय.’ पन फोन बंद करायचं तिला कधी जमलंच न्हाई. म्या समदं ऐकलं, साहेब. सुभद्राबाई खालून हाका मारत व्हती, तेबी ऐकलं.

रुद्राणी : आता माझी एक नोंद ऐका. उतरताना प्रत्येक म्हातारं माणूस चौथ्या पावलाला डावा हात बाजूला, हवेत, पुढे करतं. तिथे काहीच नाही. हात कशाला शोधतो, ते मला उमगेना. मग तुमच्या उद्घाटनाचं छायाचित्र पाहिलं. नेमका तिथे लोखंडी कठडा आहे.

केदारनाथ : बघा, म्हणजे कठडा बसवला होता.

रुद्राणी : होता. तिसरी सळई वाकलेली. तीच वाकलेली सळई नांदूरघाटकडच्या तुमच्या पुढच्या पार्कच्या छायाचित्रातही आहे. कठडा फिरतीवर असतो का?

केदारनाथ : छायाचित्रं प्रातिनिधिक असतात.

रुद्राणी : खड्डा मात्र प्रत्यक्ष असतो.

केदारनाथ : एक विचारू, मॅडम? तुम्ही बेचाळीस दिवस बसलात. हवेत जाणारे हात मोजलेत. त्यांपैकी एकाला तरी म्हणालात, ‘आजी, जपून’?

रुद्राणी : नाही.

केदारनाथ : का?

रुद्राणी : निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये, असा आमच्या शास्त्राचा नियम आहे. तुमच्या दोन पर्यायांइतकाच तो सुसंस्कृत आहे. त्या संध्याकाळची माझी नोंद सहा ओळींची आहे. वेळसुद्धा अचूक आहे.

संगीता : तुमचं दोघांचं लिवणं झालं असंल तर माझं ऐका. ओळ निघती का न्हाई?

केदारनाथ : नाही निघणार, बाई. पंचनामा संगणकावर चढवल्यापासून सात दिवसांतच दुरुस्ती करता येते. आज आठवा. कुलूप लागलं त्याला. मलासुद्धा उघडत नाही.

संगीता : सहाव्या दिवशी मी येऊन गेलते. शिपाई म्हनला, साहेब साइटवर गेलेत.

केदारनाथ : गेलो होतो.

रुद्राणी : नवा कठडा बघायला?

संगीता : जाऊ द्या, मॅडम. साहेब, ते संगणकातलं राहू द्या. मला एका कागदावर लिहून द्या, तुमच्या हातानं. आई कशानं पडली. टोळीत वाचून दाखवीन. आई तुमाला वाईट म्हनत नव्हती. ‘साहेब दर सोमवारी पंचायतीत येतो, इचारलं की नीट उत्तर देतो,’ म्हनायची.

केदारनाथ : असं म्हणायच्या?

संगीता : लई डाव.

केदारनाथ : या कागदाला सरकारी किंमत नाही.

संगीता : माझ्या आईला तरी कुठं व्हती?

(केदारनाथ बराच वेळ लिहितो, सही करतो, कागद संगीतापुढे सरकवतो. ती तो रुद्राणीला देते.)

संगीता : वाचा, मॅडम. हाय तसंच. तुमचं काही घालू नका त्यात.

रुद्राणी : “सारजाबाई खेळत नव्हत्या. फोनवर बोलून उतरत होत्या. कठडा पंधरा दिवस होता. तपासणी झाल्यावर मी तो काढून दुसऱ्या कामावर नेला. त्या दर सोमवारी विचारायच्या, साहेब, कठडा कुठं गेला. रंग द्यायला नेलाय आजी, येईल, असं मी त्यांना दर सोमवारी सांगत होतो.”