नार्सिसाताईंच्या खोलीवर गोळ्या का झाडल्या

सभेचे अध्यक्ष, आपल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन माननीय सेगुंदो यागुआल, व्यासपीठावर बसलेले आदरणीय फादर, सत्कारमूर्ती नार्सिसा तिग्रेरो आणि सान फर्मिनच्या माझ्या बंधुभगिनींनो,

वक्ता म्हणून माझं नाव पत्रिकेत नव्हतं. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली, त्यांचे आभार. लिंबात मुरवलेल्या माशांचं सेविचे तयार आहे, लिंबू कमी-जास्त असेल तर तक्रार माझ्या बायकोकडे करावी.

सव्वीस वर्षं ताईंनी रेडिओवरून आपल्या होड्या सांभाळल्या. "बायकोला सांगून गेलास का रे? ती इथं दारात उभी आहे!" हे साऱ्या समुद्रानं ऐकलंय. खरं ना? तेव्हा आपल्या इक्वेडोरच्या या किनाऱ्यावर कुणी दाराला कडी लावत नव्हतं. मग अमली मालाची चोरटी ने-आण करणारे ते लोक आले. आधी इंजिनं गेली, मग माणसं जायला लागली.

ताई वय झालं म्हणून बहिणीकडे क्वेन्काला चालल्यात, असं पत्रिकेत छापलंय. मागच्या महिन्यात त्यांच्या रेडिओच्या खोलीवर गोळ्या झाडल्या, हे इथं कुणाला ठाऊक नाही? आणि कुजबुज अशी, की बाईंचे त्या लोकांशी संबंध असतील, म्हणून बिनसलं.

मंडळी, बिनसलं ते माझ्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी ते माझ्या घरी आले. धाकटीच्या शाळेचं नाव, तिचा वर्ग, वेणीतल्या रिबिनीचा रंग, सगळं त्यांना माहीत होतं. मी त्यांची पेट्रोलची पिंपं होडीत भरली आणि समुद्रात साठ मैल आत गेलो. ते पेट्रोल घ्यायला येणारी त्यांची बोट आलीच नाही. माझं इंजिन बंद पडलं. पाणी संपल्यावर रेडिओ उचलला, तरी खोटंच बोललो. पंधरा मैलांवर आहे म्हणालो.

ताई म्हणाल्या, "हासिंतो, तिथं आज वारा पडलाय. तुझ्या मागे तर घोंघावतोय. का गेलास ते नाही विचारत. कुठं आहेस ते सांग."

त्यांच्या पाठीशी त्या लोकांचा एक माणूस उभा होता. मला शोधायला होड्या निघाल्या तर पिंपं सापडायला नकोत म्हणून. तो ओरडला, "म्हातारे, बंद कर ते!"

माझ्या रेडिओत दोघांचेही आवाज येत होते. ताई त्याला म्हणाल्या, "गोळी घालायची तर घाल बाबा. पण आधी ह्याचा ठावठिकाणा लिहून घेऊ दे."

चार होड्या निघाल्या. मी घरी आलो. ताईंनी नोंदवहीत 'इंजिन बंद' एवढंच लिहिलं, आणि मला सांगितलं, "पोरगी मोठी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही." मी उघडलं नाही. त्या दिवसापासून धमक्या त्यांना येत राहिल्या, शेवटी गोळ्याही आल्या, टोमणे त्यांनी ऐकले, आणि मी त्यांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसून जाळं विणत राहिलो.

आता ताई डोळ्यांनी दटावतायत, खाली बस म्हणून. बसतो, ताई.

धाकटीला काल लांब, तिच्या मावशीच्या गावी पोचवून आलो. उद्या पहाटेपासून रेडिओवर मी बसणार आहे. अध्यक्षांनी काल रात्री तशी परवानगी दिली, त्यांचा ऋणी आहे. फादर, आपण आलात, बरं वाटलं. मांडव घालणाऱ्यांचे, मासे देणाऱ्यांचे आभार.

बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सांभाळून घ्या. आणि दोन वर्षं जे बोललो नाही, तेही जमलं तर पोटात घाला.