पांढरी पेट्रोलची, करडी डिझेलची

— टायरला लाथ मारू नकोस, पोरी. सगळे मारतात म्हणून तूही मारलीस — कळलं काय त्यातनं? टायर आहे, रबराचा आहे, एवढंच ना? वीस वर्षं मी इथं इताउग्वात हमरस्त्याला जुन्या गाड्या विकतेय, लाथ मारून गाडी ओळखणारा एक माणूस भेटला नाही मला. ये, सावलीत ये. हे घे, तेरेरे घे, चहाचा पाला ताजा आहे, बर्फ आत्ताच घातलाय. पहिला घोट संत तोमासला सोडला, दुसरा मी घेतला, आता तुझा. आणि आधी ती वही मिट बघू. पेट्रोल की डिझेल, पेट्रोल की डिझेल — दोन पानं भरून लिहून आणलंयस. कुणी सांगितलं हे सगळं? मामेभावानं. काय करतो तो? मोबाइलची कव्हरं विकतो. झालं तर मग, त्याला इंजिनातलं सगळं कळत असणार.

पेट्रोलची गाडी कोण घेतं, सांगू तुला? ज्याला चालवायची नसते, मिरवायची असते, तो. गेल्या महिन्यात एकजण आला, कडक इस्त्रीचा शर्ट, बरोबर बायको. ती करडी चालू करून दाखवली तर बाई दोन्ही कानांवर हात ठेवून उभी. म्हणे, डिझेलच्या आवाजानं माझं डोकं दुखतं. बापाच्या ट्रॅक्टरवर बसून लहानाची मोठी झाली ती — मी ओळखते ना तिच्या माहेरच्यांना — आणि आता डोकं दुखतंय. शेवटी काहीच न घेता गेले, बसनं गेले. आणि डिझेलवाले म्हणजे मोठे शहाणे असतात असं समजू नकोस हं. त्यांना तो आवाजच पाहिजे असतो. अर्धा एकर कसावा नाही दारात, पण गाडी चालू करून अंगणात दहा मिनिटं घुरघुरत ठेवायची, म्हणजे गल्लीला वाटावं की शंभर गुरांचा मालक राहतो इथं. टाकीचं झाकण उघडून वास घेतात, खरंच. एक पाद्री होता, त्यानं वास घेतला, डोळे मिटले आणि मला म्हणतो, बाई, ही चांगल्या घरातली गाडी आहे. मी म्हटलं, हो फादर, रोज प्रार्थना करते ती.

तर तू मला विचारशील तर डिझेल घे. ती करडी. पांढरीत काय आहे? पांढरी दिसायला बरी, पण चार वर्षांत तिला आणखी चार वर्षं झालेली असतील. डिझेलचं इंजिन बघ, ते तुझ्यानंतरही चालेल. पंपावरही डिझेल स्वस्त, आणि एका टाकीत किती लांब जातं ते त्या वहीत तुझ्या मामेभावानं लिहिलेलं असेलच, तेवढं एक बरोबर लिहिलं असेल त्यानं. ऑक्टोबरपासून उभी आहे इथं. म्हणजे खराब आहे म्हणून नाही, लोक मूर्ख आहेत म्हणून. आणि ती गेली ना, तर आमच्या म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडेल. तो आवाज येतोय ना मागून, आंब्याखालून ठोकल्याचा, तोच, विल्फ्रिदो, माझा नवरा. काय ठोकतोय ते विचारू नकोस, त्यालाही ठाऊक नसेल. रोज विचारतो, करडीला कुणी आलं का? रोज सांगते, येतील. ती गेली की पुढची हातात घेणार म्हणतो. तिकडं ताडपत्रीखाली आहे बघ, अजून स्टेअरिंग उजवीकडंच आहे तिचं. जपानातून चिलीच्या बंदरात उतरतात त्या अशाच उतरतात ना, उजव्या हाताच्या. आपल्याकडं डावीकडं लागतं, मग सगळं उपसून इकडं आणायचं — स्टेअरिंग, पेडलं, डॅशबोर्ड, सगळं. हे काम अख्ख्या इताउग्वात विल्फ्रिदोइतकं कुणी केलं नाही. लोक मला पेट्रोल की डिझेल विचारत बसतात, आणि स्टेअरिंग कुणी आणलं डावीकडं, हे एक गाढव विचारत नाही.

हं, दे तो पेला इकडे. तुला गाडी लागते कशाला पण? शिकवतेस म्हणालीस ना, शाळा तर घराजवळच असेल. — कुठून? पिरिबेबुयहून? आणि रोज राजधानीला? — रोज नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. — आईला घेऊन.

— बरं. डायलिसिस. कधीपासून? — आणि आतापर्यंत बसनं. पहाटेची बस पकडून, काकुपेच्या घाटानं. येताना उलट्या होतात तिला. हो, होणारच. सुईतनं रक्त काढून पुन्हा आत घातलेलं माणूस, आणि वर ती बस. म्हणजे तू चालवणार आणि आई शेजारी. काकुपेचा उतार आठवड्यातून तीनदा. पावसातसुद्धा, सगळे ट्रक मागं लागलेले.

थांब, पाणी संपलं, ओतते.

पांढरी घे.

— म्हटलं असेन मघाशी. मघाशी मला माहीत होतं का तुझी आई आजारी आहे ते? आजारी माणसाला डिझेल चालत नाही. वास येतो. आधीच उलट्या होतात, त्यात डिझेलचा वास, म्हणजे काय होईल सांग. शिवाय थंडीत पहाटे डिझेल पटकन चालू होत नाही, आधी तापू द्यावं लागतं, आणि तुम्ही दोघी बसणार अंधारात कुडकुडत. पांढरी बघ, किल्ली फिरवली की चालू. आवाज नाही, धूर नाही. डिझेल म्हणजे शेवटी काय, ट्रकाचं पोट मोटारीत बसवलेलं. सगळे गावंढळ घेतात डिझेल. तू शिकलेली मुलगी आहेस. — काय? हो, पेट्रोलवाले मिरवणारे असंही म्हटलं मी. लिहून घेतलंस की काय तेही? माझ्याच तोंडचं मला सांगतेस. वर्गात पोरांना अशीच पकडत असशील.

नको, उघडू नकोस ती वही. मला माहीत आहे त्यात काय आहे — आठवड्याचे किती किलोमीटर, पेट्रोलला किती, डिझेलला किती, आणि जो फरक राहतो त्यात आईची औषधं. बरोबर आहे तुझं गणित. चूक काढत नाहीये मी त्यात. मामेभावाला सांग, गणित बरोबर होतं म्हणून. तरी पांढरी घे. — कारण मी सांगतेय म्हणून. लोक पैसे देऊन विचारतात मला, तुला फुकट सांगतेय तर ऐकायला काय जातं? आजकालच्या पोरींना एक सांगितलं की तीन कारणं पाहिजेत. मला कधी कुणी एक कारण दिलं नाही आणि मी काही मेले नाही त्यानं.

कुठं निघालीस? अगं, बसू नकोस त्या करडीत. — नुसतं बसून बघायला काय झालं म्हणजे? नुसतं बसून बघितलं की घ्यावीशी वाटते, म्हणून. फिरवू नकोस स्टेअरिंग. उतर. उतर खाली म्हणते ना.

ऐक. इकडं ये, जवळ ये, त्याला ऐकू जायला नको. इथं असा एक दांडा असतो, स्टेअरिंगपासून खाली चाकांकडं जाणारा. तो खालच्या सांध्यात घुसतो. दांड्याला एक खाच असते, बोटाच्या पेराएवढी. दांडा पुरता आत गेला की बोल्ट बरोबर त्या खाचेतनं आडवा जातो, मग काय वाटेल ते होऊ दे, दांडा निघत नाही. पण दांडा पुरता आत गेला नसेल ना, तर बोल्ट नुसता वरून जातो. आवळला जातो, पक्का आवळला जातो, हातानं चाचपलं तर घट्ट लागतो. डोळ्यांनीच बघावं लागतं की खाच आत आहे की बाहेर. वीस वर्षं त्याच्यासाठी उजेडाला बॅटरी धरली आहे मी, म्हणून मला कळतं. एरवी मी काय, नुसती बोलणारी बाई.

नोव्हेंबरात किल्ली पडली माझ्या हातून, त्या पेडलांपाशी. डोकं घालून शोधत होते. बॅटरी लावली तर समोर ती खाच. बाहेर. अर्धी नाही, सगळीच्या सगळी बाहेर.

— मोतीबिंदू म्हणतात, मी काही डॉक्टर नाही. दाखवायला तयार आहे का तो? त्याला म्हण डोळे, की म्हणतो तुझेच तपासून घे. पाना दिला तर हात पुढं येतो तो पान्यापासून वीतभर लांब. कसाव्याचं ताट समोर ठेवलं की आधी काठ चाचपतो. आणि हे मला दिसत नाही, असं त्याला वाटतं. इतका मूर्ख माणूस बघितला नाही मी. सगळं हातानं करतो. हात चांगले आहेत अजून, पण हाताला खाच दिसत नाही ना.

आणि ही पहिली नाही. तासियानोला विचार, पुढच्या चौकात चिपा, ते चीजचे पाव, विकतो, बुट्टी घेऊन उभा असतो तो. ऑगस्टमध्ये त्यानं नेली एक. अंगणातच वळवत होता, स्टेअरिंग फिरलं गरगरा आणि चाकं सरळच राहिली. कोंबड्यांच्या खुराड्यात घातली गाडी. कोंबड्या मेल्या, बाकी कुणी नाही. सगळ्या गल्लीत मी सांगत सुटले, तासियानोला गाडी चालवता येत नाही, बुट्टीच बरी त्याला. लोक पोट धरून हसले. तोही हसला बिचारा. त्याला अजून वाटतं, आपलंच चुकलं. एका भाऊबंदाकडनं गाडी गपचूप नीट करून घेतली मी आणि परत नेऊन दिली, वर त्यालाच चार शब्द सुनावले.

ही नीट करता आली असती की. — अगं, मला कळत नाही का ते? दुसरा मेकॅनिक बोलावता आला असता. पण भर दिवसा विल्फ्रिदोच्या अंगणात, विल्फ्रिदोच्या गाडीला दुसऱ्याचा पाना लागला, तर त्याला काय सांगायचं मी? आणि त्याला स्वतःला सांगितलं असतं तर पुढच्या गाडीवरची ताडपत्री कधीच निघाली नसती. रोज सकाळी उठून हात धुऊन ती गाडी एकदा चाचपून येतो तो. बरं, न सांगता ठेवली तर ठेवली, पण रोज मला वाटतं, आज कुणी येईल, आणि मी सांगेन, घे ना बाबा, करडी घे. आणि आज तू आलीस. आणि मी सांगितलं की. तू वही उघडलीस तेव्हा मी तुला डिझेल घे म्हणाले, तोंड वर करून म्हणाले. पिरिबेबुय म्हणाली नसतीस तर किल्लीसुद्धा दिली असती हातात. लाज वाटतेय मला. इतकी लाज मला आजवर वाटली नव्हती आणि ती एका मास्तरणीसमोर वाटावी, हेही व्हायचं होतं.

पांढरी बेधडक ने. पांढरीचंही त्यानंच केलंय, नऊ वर्षांपूर्वी, चांगले डोळे होते तेव्हा. एन्कार्नासिओनला जाऊन आलीये ती किती वेळा, उतारावर सोडून दे हात, रेषेत जाते. तसं काम आता कुणी करत नाही. डॅशबोर्डचा सांधा शोधून दाखव मला, कुठं कापलाय ते सापडलं तर गाडी फुकट ने. — पेट्रोल जास्त लागतं, लागू दे. वहीत जो फरक निघतो तेवढा मी किमतीतनं कमी करते. उपकार नाही करत, रडू नकोस उगीच. मला रडणारी गिऱ्हाइकं आवडत नाहीत. आणि आईला पुढं बसव, मागं बसवू नकोस, मागं जास्त मळमळतं.

आता काय बघतेस माझ्या मागं?

— कधीपासून उभा आहेस तू, विल्फ्रिदो?

— कोंबड्यांपासून.

नाही, ती जातेय आता. पांढरी घेऊन जातेय. जा गं पोरी, कागद उद्या करू, आज नुसती घेऊन जा. पहाटे तुला निघायचंय ना? मग उभी काय राहिलीस इथं? आमच्यात बघण्यासारखं काही नाही. जा म्हटलं ना.

आणि तू बस, विल्फ्रिदो. उन्हात उभा राहू नकोस. नाही, पुढं नाही. खुर्ची तुझ्या डाव्या हाताला आहे. आणखी थोडं डावीकडं. — मी धरते. बस.